एन्नाहदाचं नक्की काय चुकलं? (आणि बाकीच्या इस्लामी पक्षांचं पुढे काय?)

अनंत_गुहागर

नमस्कार मंडळी. ट्युनिशियातल्या एन्नाहदा या इस्लामी पक्षाबद्दल बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो.

२०१२ ते २०१५ मी ट्युनिशियात होतो, स्फाक्सच्या दक्षिणेला खताच्या कारखान्यात. आपल्याकडे डीएपी खतासाठी लागणारं फॉस्फोरिक ॲसिड तिथून येतं, त्यामुळे भारतीय माणसं तिथे असायची. राजकारणाशी माझा कामापुरताही संबंध नव्हता, पण त्या तीन वर्षांत जे बघितलं ते मनातून जात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिसेंबर २०१० मध्ये सिदी बूझिद गावात मोहम्मद बुअझिझी या फळं विकणाऱ्या पोराने स्वतःला पेटवून घेतलं आणि १४ जानेवारी २०११ ला हुकूमशहा बेन अली सौदीला पळाला. त्याच महिन्याच्या शेवटी राशिद घन्नूशी वीसेक वर्षांचा विजनवास संपवून लंडनहून परत आले. ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्यांच्या एन्नाहदा पक्षाला २१७ पैकी ८९ जागा, सगळ्यात मोठा पक्ष.

आता गंमत बघा. ज्या गोष्टी इस्लामी पक्ष करणारच नाहीत असं सगळे म्हणतात त्या यांनी केल्या. दोन सेक्युलर पक्षांना सत्तेत घेतलं. घटनेत शरियत शब्द घालायचा आग्रह सोडला. २०१३ ला दोन डाव्या नेत्यांचे खून झाले, देश पेटला, तेव्हा कामगार संघटनेच्या मध्यस्थीने वाटाघाटी करून जानेवारी २०१४ मध्ये खुर्ची सोडली. २०१६ च्या अधिवेशनात धर्मप्रसाराचं काम पक्षापासून वेगळं काढलं आणि स्वतःला 'मुस्लिम डेमोक्रॅट' म्हणवून घेतलं. एवढं करून जागा ८९ च्या ६९ आणि ६९ च्या ५२. २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली, घन्नूशी संसदेचे अध्यक्ष, ते पहाटे बार्दोला संसदेच्या फाटकाशी आले तर लष्कराने आत सोडलं नाही, गाडीतच बसून राहिले. आणि लोक? लोक त्या रात्री हॉर्न वाजवत जल्लोष करत होते. एप्रिल २०२३ पासून ते तुरुंगात आहेत, वय ऐंशीच्या पुढे.

मला खरंच समजून घ्यायचंय. एवढं बदलूनही असं का झालं? माझं मत असं की खुर्ची सोडायला ते शिकले, पण खुर्चीवर बसून करायचं काय हे त्यांना कधी कळलंच नाही. तुम्हाला काय वाटतं?

पिंपळपान

वाचतोय. चांगला विषय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

करवीरनिवासी

अनंतराव, लेख आवडला पण मूळ मुद्द्याशी असहमत. प्रश्न खुर्चीवर बसून काय करायचं हा नाहीच, धर्माच्या नावावर मत मागितलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. इजिप्तचं बघा. तिथल्या मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेने आधी सांगितलं आम्ही राष्ट्राध्यक्षपदाला माणूस उभा करणार नाही, मग केला. त्यांचे मोर्सी जून २०१२ मध्ये ५१.७ टक्क्यांनी आले आणि पाच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, फतवाच काढला की माझ्या निर्णयाला कोर्टात आव्हान देता येणार नाही. एवढ्याशा बहुमतावर घटना लिहायला घेतली. 'इस्लाम हाच उपाय' ही ज्यांची घोषणा त्यांना विरोधी मत म्हणजे उपायालाच विरोध वाटणार ना? हे माझं वैयक्तिक मत.

मेघा_ठाकुर्ली

करवीरनिवासी, नोव्हेंबरच्या त्या घोषणेबद्दल तुमचं अगदी बरोबर आहे, मी तेव्हा कैरोत होते (नवऱ्याची नोकरी, आम्ही मादी भागात राहायचो). पण "पुढचं सगळं ठरलेलं असतं" हे पटत नाही कारण मी ते ठरताना बघितलंय.

आमच्या बिल्डिंगचा बव्वाब म्हणजे वॉचमन, वरच्या इजिप्तमधला, जिन्याखालच्या खोलीत बायको आणि तीन मुलं. त्याने मोर्सींना मत दिलं होतं. का, तर त्याच्या धाकट्या मुलीला दम्याचा त्रास, सरकारी दवाखान्यात अर्धा दिवस रांग, आणि ब्रदरहूडवाल्यांच्या दवाखान्यात थोड्या पैशात डॉक्टर नीट तपासायचा आणि नाव घेऊन हाक मारायचा. तो मला म्हणाला होता, मॅडम, जे माझ्या मुलीला नावाने ओळखतात ते देश चालवतील तर वाईट काय. धर्माचं त्यात होतं थोडं, पण मुख्य हे होतं.

२०१३ च्या मे-जूनमध्ये वीज रोज जायला लागली, पेट्रोल पंपावर रांगा रस्त्याच्या टोकापर्यंत. हाच माणूस पाण्याचा पंप बंद म्हणून बादल्या घेऊन सहा मजले चढायचा आणि प्रत्येक मजल्यावर थांबून मोर्सींच्या नावाने बोटं मोडायचा. ३० जूनला तो पण मोर्चात गेला. ३ जुलैला लष्कराने मोर्सींना काढलं तेव्हा त्याने जिन्यात सगळ्यांना सरबत वाटलं.

आणि १४ ऑगस्टला रबा चौकात धरण्याला बसलेल्या मोर्सी समर्थकांवर गोळीबार झाला, ह्युमन राइट्स वॉचच्या मोजणीनुसार एका दिवसात किमान ८१७ माणसं मेली. त्या संध्याकाळी तो खोलीबाहेर आला नाही. त्याच्या बायकोने सांगितलं की दवाखान्यातला तो डॉक्टर रबाला बसला होता आणि त्याचा पत्ता नाही. पुढे काय झालं आम्हाला कळलं नाही, आम्ही ऑक्टोबरमध्ये परत आलो.

म्हणून मला वाटतं दवाखाना चालवणं आणि वीजखातं चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम शिकायची संधी मिळायच्या आत एकतर हेच घाई करतात नाहीतर लष्कर मध्ये येतं. इजिप्तमध्ये दोन्ही झालं.

सुलभा_मा

मेघाताई, वाचून गलबलून आलं. ती मुलगी बरी असेल अशी आशा.

नसीम_चिपळूण

आधी एक विनंती, मग मुद्दा. असे धागे निघाले की तिसऱ्या-चौथ्या प्रतिसादात आमच्या मोहल्ल्यापर्यंत येतात. कैरोत काय झालं याचा जाब मला बाजारपुलाशी मासळी घेताना द्यावा लागू नये एवढंच. या धाग्यावर अजून तसं झालेलं नाही म्हणून लिहितेय.

मुद्दा. या सगळ्या चळवळींची एक मुळी आपल्याच मातीत आहे हे किती जणांना ठाऊक आहे? मौलाना मौदूदींचा जन्म १९०३ चा औरंगाबादचा. हसन अल-बन्ना या शाळामास्तरांनी १९२८ ला सुएझ कालव्यावरच्या इस्माइलियात ब्रदरहूड काढली, मौदूदींनी १९४१ ला लाहोरात जमात-ए-इस्लामी. आणि गंमत म्हणजे मौदूदींचा मुस्लिम लीगच्या राष्ट्रवादाला तेव्हा विरोधच होता. पाकिस्तान झाल्यावर तिकडे गेले. १९७० च्या निवडणुकीत जमातला ३०० पैकी ४ जागा मिळाल्या. चार! पण त्यांची भाषा पुढे झिया उल हकच्या कायद्यांत जाऊन बसली. म्हणजे निवडणूक हरूनही विचार जिंकू शकतो, आणि ट्युनिशियात मला उलटं दिसतं, निवडणूक जिंकले आणि विचार स्वतःच पातळ केला.

अनंतभाऊ, तुम्ही एक गोष्ट पूर्ण सोडलीत, बायकांची. ट्युनिशियात स्वातंत्र्यलढ्याचे नेते बुर्गिबांनी १९५६ सालीच कायदा करून बहुपत्नीत्व बंद केलं, तलाक फक्त कोर्टात. आमच्या शेजारच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १९६६ ला सात बायकांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधानभवनावर गेले तेव्हा ट्युनिशियात तो कायदा होऊन दहा वर्षं झाली होती. माझी नानी त्या सात जणींबद्दल हळू आवाजात बोलायची, कौतुकाने पण हळू आवाजात. तर अशा देशात एन्नाहदाच्या काळात २०१२ ला घटनेच्या मसुद्यात बाई पुरुषाला 'पूरक' असं कलम आलं. १३ ऑगस्टला बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या आणि ते काढावं लागलं. काढलं हे चांगलंच केलं. पण एकदा शंका आली की ती जात नाही हो. पुढची दहा वर्षं प्रत्येक निवडणुकीत विरोधकांनी तो एक शब्द वापरला.

आणि हेही लिहिलं पाहिजे, २०११ च्या त्या संसदेत निवडून आलेल्या बायकांमध्ये बहुसंख्य एन्नाहदाच्याच होत्या. यादीत पुरुष-बाई-पुरुष-बाई अशी सक्ती होती आणि ती यांनी नीट पाळली. त्या बायकांना कुणी विचारलं का की 'पूरक' तुम्हाला चालेल का?

करवीरनिवासी

नसीमताई, चार जागांची माहिती नवीन होती. तुमची विनंती रास्त आहे, माझ्याकडून पाळली जाईल. पण तुमच्या उदाहरणातून माझाच मुद्दा निघतो ना, मतं नसताना विचार कायद्यात घुसतो.

नसीम_चिपळूण

घुसतो, पण तो घुसवणारा एक जनरल होता हे विसरू नका. निवडून आलेल्याने घुसवला नाही.

मिसळीचा_कट

अवांतर: ट्युनिशियात ती हरिसा नावाची लाल मिरचीची चटणी मिळते ना? कोल्हापुरी ठेच्याच्या जवळ जाते का?

अनंत_गुहागर

अवांतराला उत्तर: जाते, फक्त ऑलिव्ह तेल आणि शहाजिऱ्यामुळे वास वेगळा. तिकडे सकाळी पावाबरोबर खातात. मी येताना चार डबे आणले होते, आईने भाकरीबरोबर संपवले.

नसीमताई, मान्य. मी कारखान्यात होतो, भोवती सगळे पुरुष, त्यामुळे ती बाजू नजरेतून सुटली.

क्वालालंपूरकर

अनंतदादा, तुमचं म्हणणं की खुर्चीवर बसून काम जमलं नाही म्हणून लोक सोडून गेले. मग हे बघा.

मलेशियाचं केलांतान राज्य, थायलंडच्या सीमेला लागून. १९९० पासून तिथे पास या इस्लामी पक्षाचं सरकार आहे, सलग. मी कामानिमित्त कोता बारूला जाऊन येऊन असतो. सुपरमार्केटमध्ये बायका-पुरुषांच्या वेगळ्या रांगांच्या पाट्या, अरबी लिपीतल्या दुकानांच्या पाट्या, सगळं आहे. आणि नळाचं पाणी पिवळं! जमिनीखालच्या पाण्यात लोह आणि मँगनीज, पाइप जुने. घरोघरी नळाला पांढरं फिल्टर लावलेलं असतं, माझ्या सहकाऱ्याच्या घरी दोन आठवड्यांपूर्वी बदललेलं कार्ट्रिज बघितलं तर चहाच्या चोथ्यासारखं झालेलं. लोक वजूसाठी (नमाजाआधी हातपाय धुवायला) पण बाटलीतलं पाणी आणतात कधीकधी. प्रत्येक निवडणुकीत हा विषय निघतो.

आणि २०२३ ला त्यांच्या आघाडीला ४५ पैकी ४३ जागा. देशाच्या संसदेतही २०२२ पासून सगळ्यात मोठा एकटा पक्ष पासच. मग पाण्याचं काय?

पिंपळपान

हा प्रतिसाद महत्त्वाचा आहे. अनंतराव, याला उत्तर द्या.

इस्तंबूलची_गौरी

मी देते अर्धं उत्तर, माझं पाणी वेगळं आहे :)

मी इथे पीएचडी करतेय. १९९४ ला एर्दोगान इस्तंबूलचे महापौर झाले तेव्हा शहरात पाणी येत नव्हतं, कचऱ्याचे ढीग, हिवाळ्यात कोळशाच्या धुराने श्वास घेता यायचा नाही. माझी घरमालकीण पक्की अतातुर्कवादी म्हणजे सेक्युलर, एर्दोगानना जन्मात मत दिलेलं नाही, पण ती सुद्धा सांगते की आधी आम्ही बाथटब भरून ठेवायचो आणि त्यांच्या काळात नळ सुरू झाले. त्यांची एकेपी पार्टी २००१ ला निघाली आणि २००२ ला ३४ टक्के मतांवर संसदेच्या जवळजवळ दोन तृतीयांश जागा घेऊन बसली (किमान दहा टक्के मतं मिळाली तरच संसदेत, या अटीमुळे बाकीचे बहुतेक पक्ष बाहेर पडले) त्याच्या मागे हे पाणी होतं. एर्दोगानचे गुरू एर्बाकान यांना १९९७ ला लष्कराने दबाव आणून पंतप्रधानपदावरून घालवलं होतं, शिष्यांनी त्यातून धडा घेतला की आधी शहर चालवून दाखवा, मग मोठं बोला.

पण मग दुसरं संकट येतं त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. सत्ता जमली, आणि सुटेना. २०१३ ला गेझी पार्कची निदर्शनं, २०१६ ला बंडाचा प्रयत्न, त्यानंतर हजारो प्राध्यापक-शिक्षक नोकरीवरून काढले, २०१७ ला सगळे अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे. ऑक्टोबर २०२२ ला महागाईचा दर सरकारी आकड्यानेच ८५ टक्के. इस्तंबूलचे महापौर इमामोग्लू मार्च २०२५ पासून कोठडीत. ज्या पदावरून हे स्वतः वर आले आणि १९९९ ला एक कविता म्हटल्याबद्दल तुरुंगात गेले, त्याच पदावरच्या माणसाला आत टाकलं. मला याचा फार राग येतो. इथली धार्मिक घरातली माझ्या वयाची मुलं माझ्याइतकीच चिडलेली आहेत. माझी एक मैत्रीण, तिच्या आईला डोक्यावर रुमाल म्हणून विद्यापीठात शिकता आलं नव्हतं, ही शिकली ती एकेपीमुळेच, आणि मार्चमध्ये या अटकेविरुद्ध साराचहानेला निघालेल्या मोर्चात माझ्या पुढे तीच होती.

मेघा_ठाकुर्ली

गौरी, जपून राहा ग.

रबातहून_परत

मोरोक्को राहिला, थोडक्यात टाकतो. तिथे पीजेडी पक्ष २०११ ला राजाच्या परवानगीने सरकारात आला, दहा वर्षं राहिला. पण खरी सूत्रं राजवाड्यात. डिसेंबर २०२० ला इस्रायलशी संबंध जोडायच्या करारावर सही केली ती याच पक्षाच्या पंतप्रधानांनी, ज्या पक्षाचं निम्मं आयुष्य पॅलेस्टाइनच्या मोर्चात गेलं. सही करतानाचा ओथमानींचा चेहरा टीव्हीवर बघितलाय मी. सप्टेंबर २०२१ ला १२५ जागांवरून १३ वर. एकशे पंचवीसवरून तेरा!

संपादक_मंडळ

चर्चा छान सुरू आहे. व्यक्तिगत रोख नसलेले दोन प्रतिसाद विषयाशी संबंध नसल्याने हलवले आहेत.

अनंत_गुहागर

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. क्वालालंपूरकर, तुमच्या फिल्टरने माझी दोन दिवस झोप घालवली. विचार करून असं वाटतं:

केलांतानमध्ये वर कुआलालंपूरचं केंद्र सरकार आहे. तेलाची रॉयल्टी देत नाहीत म्हणून पैसा नाही, असं ते सांगू शकतात (आणि त्यात तथ्यही असेल). म्हणजे सत्तेत असूनही विरोधी पक्ष म्हणून राहता येतं. एन्नाहदाला वर बोट दाखवायला कोणी उरलंच नाही. बेन अली गेल्यावर वर फक्त आकाश. मोरोक्कोत वर राजा होता पण त्याच्याकडे बोट दाखवायची परवानगी नव्हती, म्हणून तिथे आपटले.

आता एक प्रसंग लिहितो जो सुरुवातीलाच लिहायला हवा होता. आमच्या कारखान्याला दगड यायचा गाफसाच्या खाणीतून, मालगाडीने. २०१० ला देशात ८० लाख टनांच्या आसपास फॉस्फेट निघायचं, क्रांतीनंतर निम्म्याच्याही खाली गेलं. का? पोरं रुळांवर बसली. २०१३ च्या वसंतात आमची गाडी अकरा दिवस आली नाही तेव्हा मी आणि हबीब (आमचा ट्युनिशियन शिफ्ट इंजिनिअर, नाव बदललंय) गाडी घेऊन बघायला गेलो. रुळांवर तंबू, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोळशाच्या शेगडीवर काळा कडक चहा उकळतोय. पंचवीस-तीस पोरं, बरीचशी पदवीधर. एकाने फाइल दाखवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली, त्यात डिग्री, आठ वर्षांचे अर्ज, आणि वडिलांचं खाणीतल्या नोकरीचं ओळखपत्र. म्हणाला, बाबांच्या फुप्फुसात खाणीची धूळ, आमच्या पाण्यात खाणीची घाण, आणि नोकरी मात्र किनाऱ्यावरच्या लोकांना. हबीबने विचारलं, मत कोणाला दिलं होतंस? एन्नाहदाला, म्हणाला. ते देवाला भितात असं वाटलं होतं. आम्हाला चहा दिला, ग्लास परत भरून दिला, पण रूळ सोडले नाहीत.

त्या सरकारकडे त्या पोराला द्यायला काही नव्हतं. पोलिसांनी उठवलं तर बेन अली ठरणार, नोकऱ्या वाटल्या तर तिजोरी नाही. त्यांनी खाणीच्या पर्यावरण आणि बागकाम कंपन्यांमध्ये माणसं भरली, पगार सुरू, काम नाही. आणि त्याच काळात स्वतःच्या जुन्या राजकीय कैद्यांना भरपाई द्यायचा विषय काढला. त्या माणसांनी खरोखर हाल सोसले होते, त्यांचा हक्क होता, पण २०१२ च्या जुलैमध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला त्याच्या कारणांत हेही होतं. नऊ वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, कोविडने लोक ऑक्सिजनविना मरत असताना पक्षाच्या एका ज्येष्ठ नेत्याने परत तीच भरपाई मागितली, मुदत दिली २५ जुलैची. मी ती बातमी वाचली तेव्हा मला तो फाइलवाला पोरगा आठवला.

करवीरनिवासी

अनंतराव, हे वाचून माझं मत थोडं हललं, पूर्ण नाही. देवाला भिणारा माणूस प्रामाणिक असेल या भरवशावर मत देणं हीच फसगत आहे असं मला अजून वाटतं. पण फसगत मत देणाऱ्याची आहे, आणि ती तो धर्मांध होता म्हणून झाली नाही, हे कळलं.

सुलभा_मा

एक भाबडा प्रश्न. या पक्षांशिवाय धर्म सार्वजनिक जीवनात राहू शकतो असं कुठे आहे का?

क्वालालंपूरकर

सुलभाकाकू, भाबडा अजिबात नाही. इंडोनेशिया बघा. मुहम्मदिया १९१२ ची, नहदलातुल उलेमा १९२६ ची, कोट्यवधी माणसं, शाळा, हॉस्पिटलं, विद्यापीठं. आणि सगळे इस्लामी पक्ष मिळून १९५५ ला ४३ टक्क्यांच्या आसपास गेले, त्यावर कधीच नाही. १९७० ला नूरखोलिश माजिद यांनी सरळ सांगितलं होतं, इस्लाम हो, इस्लामी पक्ष नको. अर्थात तिथेही डिसेंबर २०१६ ला जकार्ताच्या ख्रिश्चन गव्हर्नरविरुद्ध लाखोंचा मोर्चा निघाला आणि त्यांना ईशनिंदेखाली तुरुंगात जावं लागलं, त्यामुळे पक्ष नसला म्हणजे सगळं आलबेल असंही नाही.

नसीम_चिपळूण

मेघाताईंच्या गोष्टीतला दवाखाना दवाखानाच राहिला असता तर तो डॉक्टर आज असता कदाचित. पण बव्वाबच्या मुलीसाठी सरकारी दवाखाना नीट चालवा हे सांगायला कुणीतरी पक्ष काढणारच ना? तो कोणी काढायचा? डावे तर गल्लीत दिसतच नव्हते.

पिंपळपान

अनंतराव, जाता जाता एक. हबीब आणि ती मंडळी आता कोणाला मत देतात? ऑक्टोबर २०२४ ला सईद ९० टक्क्यांवर मतं घेऊन आले म्हणे.

अनंत_गुहागर

९० टक्के मतं, पण मतदान २९ टक्क्यांच्याही खाली. प्रमुख विरोधक एकतर तुरुंगात नाहीतर बाद ठरवलेले.

हबीबला मी त्या रविवारी रात्री फोन केला होता. २०११ ला तो पहाटे पाचला रांगेत उभा राहिला होता, निळी शाई लागलेल्या बोटाचा फोटो त्याने कॅन्टीनमध्ये आम्हाला किती वेळा दाखवला असेल. या वेळी विचारलं तर म्हणाला, नाही गेलो, मुलाची फुटबॉलची मॅच होती. मग थोडा वेळ काही बोलला नाही. नंतर विचारलं, तुमच्याकडे मतदानाला सुट्टी असते का रे, आणि शाई किती दिवस राहते.